रत्नागिरीहून आलेला जखमी मासा

कॉलेजच्या प्रदर्शनात समुद्रातला जिवंत मासा ठेवायची कल्पना माझीच. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. नोकरी तात्पुरती, आणि काहीतरी करून दाखवायची घाई अंगात भिनलेली. मी रत्नागिरीच्या मावसभावाला पत्र टाकलं. त्यानं एका ओळखीच्या कोळ्याकडून मासा मिळवला आणि समुद्राच्या पाण्याच्या तीन कॅनांसकट एस.टी.नं पाठवून दिला.

स्टँडवर मी आणि आमच्या लॅबचे शिपाई गेलो. त्यांना सगळे मामाच म्हणत. साताऱ्याकडचे, मिलिटरीतून निवृत्त झालेले. मिलिटरीच्या इस्पितळात त्यांनी जखमा धुण्या-बांधण्याचं काम केलं होतं. रॉकेलच्या धुतलेल्या डब्यात प्लास्टिकची पिशवी होती. आंबा घाटात कुठेतरी डबा आडवा झाला असावा. पिशवीतलं निम्मं पाणी सांडलं होतं. उरलेल्या पाण्यात तळहाताएवढा चपटा, पिवळा मासा एका कुशीवर पडला होता. शेपटी फाटलेली, कुशीवरचे खवले निघून आतलं लाल मांस दिसत होतं, आणि एका डोळ्यावर साय धरली होती.

"जित्ता हाय," मामा म्हणाले, "पण लय मार खाल्लाय."

लॅबमधल्या काचेच्या टाकीत कॅनमधलं पाणी आधीच भरायला हवं होतं, तेही धावपळीत भरलं. पिशवी त्यात तरंगत ठेवली आणि टाकीतलं पाणी कप कप करून तिच्यात घालत राहिले. माशाला नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून तासभर तसं करायचं असतं. तेवढा धीर माझ्यात नव्हता. मी सारखी घड्याळ बघत होते. शेवटी मासा टाकीत सोडला, तर तो तळाशी जाऊन कोपऱ्यात डोकं खुपसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जखमेभोवती पांढुरकी कड दिसली. बुरशी धरत होती. मामा यायच्या आतच मी माशाला जाळीत धरलं आणि कापसाच्या बोळ्यानं लाल औषध लावायला गेले. तो इतका तडफडला की आणखी चार खवले जाळीला चिकटून आले. मी त्याला परत पाण्यात सोडलं.

मामा आले. त्यांना जाळीवरचे खवले दिसले. ते रागावले नाहीत. स्टूल ओढून बसले.

"बाई, आमच्याकडं एक नवीन डाक्टर आलं हुतं. घंट्या-घंट्याला पट्टी सोडून बघायचं. जवानाची जखम भरतीया कवा?"

"मग मी काय करू?"

"पाणी साफ ठेवा. उजेड झाका. आन हात लावू नका."

हात लावू नका, हेच सगळ्यात कठीण होतं. टाकीभोवती काळं कापड लावलं. रोज थोडं पाणी काढून कॅनमधलं ताजं घालायचं. थंडीचे दिवस होते, म्हणून शेजारी बल्ब ठेवला. लाईट गेली की हवेचा पंप बंद पडायचा. मामांनी कुपवाडच्या एका वर्कशॉपमधून ट्रकची जुनी ट्यूब आणली. तिच्यात हवा भरून, तोंडाला रबरी नळी आणि चिमटा लावला. लाईट नसली तरी टाकीत बुडबुडे येत राहायचे. मी प्रॅक्टिकल घेत असायची आणि कान त्या बुडबुड्यांकडे. मुलं बेडूक दाखवायची, आणि मी कापड उचलून बघायला जायची. मामा लांबूनच मान हलवायचे. कृष्णेतले झिंगे बारीक करून टाकले, ते तसेच पडून राहिले. चार दिवस त्यानं काही खाल्लं नाही. मीही घरी ताटावर बसून तशीच उठत होते.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला पाहुणे येणार होते. विभागप्रमुख सर आदल्या दिवशी येऊन म्हणाले, "कापड काढा. झाकलेला मासा कोण बघणार?"

"सर, त्याला गर्दी सोसणार नाही."

"मग मागवला कशाला?"

"मी चुकले," एवढंच म्हणाले, "पण कापड काढणार नाही." नोकरी पुढे चालू राहील की नाही याची धास्ती होती, तरी म्हणाले. सर निघून गेले. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना त्यांनी आमच्या खोलीपुढून सरळ पुढे नेलं.

त्याच दुपारी मासा कोपऱ्यातून निघाला. झिंग्याच्या तुकड्यापाशी आला, थांबला, आणि त्यानं तो तोंडात घेतला. मामा माझ्या मागे उभे होते. दोघंही हललो नाही.

कुशीवरची कातडी हळूहळू धरली. शेपटी वाकडी वाढली. डोळ्यावरची साय मात्र गेली नाही. प्रदर्शन कधीच संपलं होतं. मावसभाऊ दर पंधरवड्याला पाण्याचे कॅन पाठवत होता. सरांनी पुढं तो विषय काढला नाही, मला काढूनही टाकलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी मी साताऱ्याला कायम नोकरीच्या मुलाखतीला गेले. दोन दिवस ऊन फार तापलं. परत आले तर टाकी रिकामी होती. बाहेरून गुंडाळलेली पोती अजून ओली होती. मामांनी त्यांच्यावर सारखं पाणी मारलं होतं, तरी आतलं पाणी गार राहिलं नाही.

"कळवायचं होतंत मला," मी म्हणाले.

"तुमी मुलाखत सोडून आला असता," मामा म्हणाले. मग ओली पोती उतरवत, "काल सकाळी दोन झिंगं खाल्लं हुतं त्यानं."