वर्नाबाईंचा पडदा

उन्हाळा लागला की वाळवंटातल्या पाम स्प्रिंग्जची गोल्फवाली मंडळी थंड गावांना पळतात. त्या जुलैत गल्लीत दोनच माणसं उरली होती, सत्तरीच्या वर्नाबाई आणि समोर भाड्याने आलेला डेझमंड. बाईंना त्याचा पहिल्या दिवसापासून संशय. हा कामावर म्हणून जात नाही, पहाटे पाचला लॅपटॉपशी बोलत बसतो आणि दुपारी दोनला स्विमिंग पूलमध्ये डुंबतो!

"ऑफिस न्यूयॉर्कला आहे, तिथल्या तीन तास पुढच्या घड्याळाने घरूनच काम करतो," तो म्हणाला.

बाई फणकारल्या, "माझ्या नवऱ्यानेही चाळीस वर्षं नोकरी केली. पण पोहायची चड्डी घालून नाही!"

तेव्हापासून रोज सकाळी सहाला पडदा सारून त्याच्यावर नजर ठेवणं, हाच बाईंचा उद्योग झाला.

एका रात्री त्यांचा एसी बंद पडला आणि पहाटे उकाड्याने त्या स्वयंपाकघरातच कोसळल्या. डोळे उघडले तेव्हा मागचं दार मोडलेलं होतं आणि डेझमंड त्यांच्या कपाळावर बर्फ धरून बसला होता.

"सहाला तुमचा पडदा हलला नाही," तो म्हणाला, "म्हणून धावत आलो."

बाईंनी डोळे बारीक केले. "म्हणजे तू माझ्यावर पाळत ठेवून होतास तर!"