गाडीवरचं नाव

इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रदर्शनात मुलांनी बनवलेली छोटी रेसिंग कार उभी होती. पैसे आमच्या कंपनीचे, म्हणून समोर हातभर अक्षरांत आमचंच नाव. टीममधल्या एका मुलीने वडिलांना माझ्याशी ओळख करून द्यायला आणलं. त्यांनी ते नाव वाचलं आणि मला हात जोडले.

“साहेब, छान बनवलीत गाडी. आमच्या पोरीलाही हात लावू दिलात.”

‘हिनेच बनवलीय’ हे वेळेवर माझ्या तोंडून निघालं नाही. तिच्या मनगटावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग होते.

देवळात देणगीदाराचं नाव पायरीवर असतं. लोक त्यावर पाय ठेवून देवाकडे जातात. इथे नमस्कार पायरीलाच मिळाला होता, आणि ती मुलगी ओढणीने आमच्या नावावरची धूळ पुसत होती.