कोठीच्या तळातली मूठभर तूर

तुरीला भुंगा लागू नये म्हणून काय करावं, हे विचारायला गावातल्या बाया माझ्याकडं यायच्या. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण या विषयात मी मास्तरीणबाई. तुरीला दोन-तीन कडक उन्हं द्यायची, सावलीत गार करायची, गोवऱ्यांची चाळलेली राख चोळायची, थराथरात कडुनिंबाचा वाळला पाला टाकायचा आणि कोठीचं तोंड लिंपायचं. सांगताना माझा आवाज जरा चढायचाच.

मुलगा शेंद्र्याला कंपनीत जातो. गेल्या साली त्यानं धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या आणायचं काढलं. कोठी माझ्या खाटेजवळ.

"भुंग्याच्या आधी मीच मरंन," मी म्हटलं.

"मग तुझ्या राखेवर बघू. बियाण्याला भुंगा लागला तर गोळ्या येतील, अन् कोठी सुनेच्या ताब्यात."

सासूनंतर घरातलं बियाणं मीच सांभाळलं. दुसरं काही माझ्या हातात उरलं नव्हतं, टीव्हीचा रिमोटसुद्धा. तरी मी कबूल केलं, कारण मला कसलीच शंका नव्हती. सुनेनं थोडी तूर मागून घेतली आणि नव्या मडक्यात भरली. "शिकते, आत्याबाई," म्हणाली. मला हसू आलं.

पेरणीच्या तोंडावर कोठी उघडली. भुंगे थेट तोंडावर उडाले. दाण्यादाण्याला गोल भोक. सुनेचं मडकं उघडलं, तर आत तूर जशीच्या तशी.

"तू काय टाकलं गं यात?"

"तुम्ही सांगितलं तेच. राख अन् पाला."

"मग माझ्यालाच कसा लागला?"

"मडकं कोरं व्हतं. तुमच्या कोठीच्या बुडाला काय असतं, आत्याबाई?"

काय असतं म्हणजे? बरकत असते. कोठी पार रिकामी करायची नाही, जुन्या दाण्यांची मूठ तळात ठेवायची आणि नवं धान्य तिच्यावर ओतायचं. सासू तसंच करायची. मीही केलं. दर साली थोडे भुंगे निघायचे, ते मी गुपचूप पाखडून टाकायची. ते कुणाला सांगायची गरज वाटली नाही.

सुनेनं तळातनं मूठ काढून दाखवली. पीठ आणि वळवळ. "बरकत लई झाली बघा."

"मग गोळ्या आणू का?" मुलगा म्हणाला.

"कशाला?" सून म्हणाली. "राख चांगलीच हाय. कोठी झाडा फक्त."

मडक्यातली तूर आमच्या तुकड्याला पेरायला पुरली. कोठी मीच झाडली, उन्हात पालथी घातली. बरकत कोंबड्यांना टाकली, त्यांनी आवडीनं खाल्ली.

गोळ्या आल्या नाहीत, पण कोठी सुनेकडं गेली. आता बाया सुनेला विचारायला येतात. ती सगळं नीट सांगते, फक्त उन्हातली तूर गार करून भरायची, हे दरवेळी विसरते. मग मी खाटेवरून ओरडते.