कराची ते मुंबई, साडेपाचशे मैल

थोरला भाऊ कराचीला विमानतळावर कामाला होता. त्याच्या पत्रात आमची विचारपूस कमी आणि विमानाचं कौतुकच जास्त. कराची ते मुंबई हवेतून साडेपाचशे मैल, सकाळी उडालेलं विमान दुपारी मुंबईला टेकतं, असं त्यानं एकदा लिहिलं. वालूरच्या आमच्या घरात वाचता येणारी मी एकटी, नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेली. ते पत्र मी आईला इतक्यांदा वाचून दाखवलं की तिला तोंडपाठ झालं.

लढाईच्या दिवसांत आईनं अंथरूण धरलं. पुढं वैद्यानं हात टेकले, तेव्हा चुलत्यांनी सेलूला जाऊन भावाला तार केली. आई सारखी विचारी, कधी येईल? मी आपली हुशारी पाजळली. आज तार मिळेल, उद्या दुपारी मुंबई, रात्री मनमाडला गाडी बदलायची, परवा सकाळी सेलू, तिथून बैलगाडीनं दुपारी दारात.

तिनं मान डोलावली आणि त्या घडीपासून पाणी सोडलं.

आमच्याकडं शेवटचं पाणी थोरल्या लेकाच्या हातचं. आधी दुसऱ्या कुणाच्या हातचं घेतलं आणि नेमकं तेच शेवटचं ठरलं तर, ही तिची धास्ती. दीड वर्ष तिचं हगणंमुतणं मी काढलं होतं. पण आता माझ्या हातची वाटी ती तोंडाशी येऊ देईना.

"माय, घोटभर घे ग."

"न्हाई बाई. यायलाय की त्यो. इमानात बसला आसंल आता."

माझा अंदाज चुकला असेल, उशीर होईल, असं मी परोपरीनं सांगितलं. ऐकेल तर शपथ! ओल्या फडक्यानं ओठ पुसायला गेले तर तिनं दात आवळले. खरं सांगते, मला तिचा राग आला. मरणाऱ्या बाईचा, माझ्या आईचा राग आला. सांगितलेली दुपार टळली, रात्र गेली, आणि उजाडता उजाडता आई गेली. तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. तोंडात पाणी चुलत्यांनी घातलं, ते मेल्यावर.

भाऊ आला तो तार केल्यापासून सातव्या दिवशी, आगगाड्या बदलत बदलत. उंबऱ्यावर डोकं आपटून रडला. त्याचं रडणं मी आटपू दिलं. मग विमानाचं विचारलं.

"मला कोन बसू देतंय इमानात?" तो म्हणाला. "सायेब लोक बसतेत. आमी डाकेच्या पिशव्या चढवतोत."

"मग इमानाला किती येळ लागतो ते कशाला लिवलंस रं दादा? तुला किती लागतो ते लिवायचं. माय माझ्या हातचं पानी तरी पिली असती."