थंड पिठलं आणि डब्यातला कट

रविवारी बदनापूरला आमच्या स्वयंपाकघरात जे झालं, ते आधी क्रमाने लिहिते. मत नंतर.

१. सकाळी दहाला काबुली हरभऱ्यांचे दोन डबे उघडले. डबे उघडायचं साधन घरात नाही, म्हणून बाबांनी खिळा आणि हातोडी वापरली.
२. डब्यातलं पाणी पातेल्यात काढून मोरीवर ठेवलं... टाकून द्यायला.
३. हरभऱ्यांची सालं एकेक करून काढली. पन्नास मिनिटं.
४. तीळ भाजून वाटले. त्यात लसूण, तेल, मीठ आणि हरभरे घालून पुन्हा वाटलं.
५. लिंबू संपलं होतं, ते आणायला गेले. जाऊन-येऊन बारा मिनिटं.
६. परत आले तेव्हा वाटलेल्या हरभऱ्यांवर मोहरीची फोडणी बसली होती.

आता कारण. मी जालन्याच्या नवीन जालना भागात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, ठरलेल्या दिवशी किती उगवल्या ते मोजायचं... असं काम. कंपनी मला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी जॉर्डनला, अम्मान शहरात पाठवायला तयार आहे. आई तयार नाही. तिची परवानगी कायद्याने लागत नाही. तरी लागते.

तिचा आक्षेप एकच. तिकडे सगळे मटण खातात, ही पोरगी उपाशी मरणार. पासपोर्ट, पगार, राहण्याची सोय... यातलं तिने काहीच विचारलं नाही. मी वाद घातला नाही, प्रयोग करून दाखवायचं ठरवलं.

आमचे एक सीनियर नुकतेच तिकडून आलेत. त्यांच्याकडून हे दोन डबे आणले आणि हम्मसची, म्हणजे या वाटलेल्या हरभऱ्यांची, कृती लिहून घेतली. तिकडचं रोजचं खाणं, पूर्ण शाकाहारी. पुरावा ताटात वाढला की विषय संपेल, असा माझा अंदाज होता.

अंदाज पहिल्याच डब्याला चुकला. आईने चष्मा लावून डब्यावरची तारीख वाचली आणि हे हरभरे दीड वर्षापूर्वी शिजवलेले आहेत असं जाहीर केलं. आमच्या घरी सकाळचा भात संध्याकाळी फोडणीशिवाय कुणी खात नाही... मग दीड वर्षाच्या हरभऱ्यांचं काय होणार, हे मला आधीच कळायला हवं होतं. मोहरी, हिंग, कढीपत्ता, दोन लाल मिरच्या. असं का केलं म्हणून विचारलं, तर शिळ्याला फोडणी देतात, त्यात विचारायचं काय, असं उत्तर मिळालं.

बाबांनी बोटाने चाखून पाहिलं. "पिठलं आहे," ते म्हणाले. "थंड."

"म्हणजे थंड पिठलं खायला पोरगी इमानात बसून चालली," आई म्हणाली.

मी लिंबू पिळलं.

मग मोरीवरचं पातेलं ओतायला गेले, तर ते जागेवर नव्हतं. गॅसवर होतं. आईने त्यात चिंच, गूळ आणि येसर घातलं होतं. येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाला भाजून दळलेलं आमटीचं पीठ, मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगते. पुरणाची डाळ शिजवल्यावर वरचं पाणी काढतात, तो कट... आणि कटाची आमटी होते. डब्यातलं पाणीही आईच्या लेखी कटच. ते आधीच खारट आहे हे चाखून तिने वरून मीठ घातलं नव्हतं. इतकी अचूक नोंद मी घेतली नव्हती.

"कट मोरीत ओतून राह्यली होती ही," ती बाबांना सांगत होती. "एमेस्सी झाली म्हणे."

पन्नास मिनिटं खपून काढलेली सालं धपाट्यांच्या पिठात गेली होती. एक डबा घासून ज्वारीच्या पिठात माप म्हणून ठेवला होता, दुसऱ्यात खडे मीठ. मी केराची बादली पाहिली. त्यात फक्त दोन झाकणं होती, वाकडी.

जेवायला बसलो. धपाटे, हम्मस, आमटी. हम्मसची चव फोडणीने सुधारली होती... नोंद म्हणून लिहिते, आईला सांगितलेलं नाही.

आमटी वाढता वाढता तिने विचारलं, "तिकडं या पाण्याचं काय करतात?"

मी म्हटलं, ओतून देतात.

"सगळेच?"

बहुतेक, मी म्हटलं. तिने पळी पातेल्यात ठेवली. बाबांनी तेवढ्यात धपाटं संपवलं.

"मंग तू उपाशी न्हाई राहत," आई म्हणाली. "लोकं आमटी ओतून देऊन राह्यले, अन् तू भुकी राहशील व्हय?"

मी खाली बघून जेवत राहिले. अशा वेळी मध्ये बोललं की निकाल बदलतो.

निकालाला एक अट लागली. सोबत अर्धा किलो येसर न्यायचं. येसर गेलं तर मी जाणार, न्हाई तर न्हाई. यावर अपील नाही. चौकशी व्हायच्या आतच तिने काल गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजायला घेतली. सगळ्या घरात तो वास आहे. सहा महिन्यांपैकी पहिला आठवडा आपल्याला जड जाणार, हे मला भट्टीसारख्या तापलेल्या त्या कढईजवळ उभं असताना पहिल्यांदा लक्षात आलं... पण तो या पोस्टचा विषय नाही.

अम्मानला राहिलेल्यांनी किंवा जाऊन आलेल्यांनी दोन गोष्टी सांगाव्यात. घरी दळलेलं अर्धा किलो मसाल्याचं पीठ विमानतळावर अडवतात का? आणि तिकडच्या होस्टेलमध्ये स्वतःचं शिजवू देतात का? ऐकीव माहिती नको. ट्रेनिंगचा फॉर्म कंपनीला शुक्रवारी सकाळी द्यायचा आहे, तेव्हा कृपया गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवा.