शंभरचा सेन्सर

दाब दाखवणाऱ्या डब्यावर दोनचा आकडा दिसत होता आणि बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला. वाफ शिट्टी मारत वर गेली. हा व्हॉल्व्ह चारला सुटतो. म्हणजे दोघांपैकी एक खोटं सांगत होता.

जवळा बाजारच्या अलीकडे मुंजाजीच्या शेतात आम्ही हळद शिजवत होतो. माझा हाच धंदा. बॉयलर ट्रॅक्टरमागे लावून शेतोशेत न्यायचा, वाफ करायची, पाइपानं ड्रममध्ये सोडायची. ड्रमच्या झाकणावर सरूबाई असते, हळद भरायला आणखी बाया. काम असं, की तिची पाठ सारखी बॉयलरकडं. मध्ये अंतर पाच पावलं.

"सरू, बांधापलीकडं जा. समद्याच जा," मी म्हणाले.

जाळावर बबन होता, माझा धाकटा दीर. तो पाना घेऊन उठला.

"वहिनी, व्हॉल्व्ह ढिला पडला. दोनलाच सुटून राहिला. दोन आटे आवळतो."

"पाना खाली ठेव. जाळ ओढ."

"डबा दोनच दाखवून राहिला ना. नवा हाय."

"नवा हाय म्हणूनच म्हणते."

मुंजाजी धावत आला. "मावशी, चारी ड्रम भरलेत. अर्धी शिजलेली हळद मी काय करू? आतून कडक राहील, पॉलिशला तुकडे होतील."

"हळदीचे होतील. सरूचे झाले तर?"

बबननं लाकडं बाहेर ओढून त्यावर माती टाकली. व्हॉल्व्ह बंद होईस्तोवर मी तिथंच उभी होते. डबा मीच आणला होता.

आधी आमच्याकडं काट्याचं गेज होतं. काच धुरानं काळी व्हायची, लांबून दिसायचं नाही. म्हणून वसमतहून सेन्सर आणला. तो वाफेचा दाब मोजतो आणि तारेतून डब्याला कळवतो. डब्यावर लाल आकडा येतो, तीन झाले की भोंगा वाजतो. त्या दिवशी भोंगा वाजलाच नाही.

दुकानदारानं विचारलं होतं, किती रेंजचा देऊ. रेंज म्हणजे कुठून कुठपर्यंत मोजतो ते. मी म्हणाले, मोठ्यातला मोठा दे. आमच्याकडं विहिरीवर तीन एचपीची मोटार लागत असली तर पाचची घेतात. मोठी वस्तू टिकते, एवढंच डोक्यात. त्यानं शून्य ते शंभर बारचा दिला. बार म्हणजे नखाएवढ्या जागेवर साधारण किलोभर दाब. माझा बॉयलर चालतो अडीचवर.

सेन्सर, जुनं गेज आणि सेन्सरचा कागद पिशवीत घालून मी वसमतची बस धरली. माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी येत नाही, आकडे वाचते. दुकानातले मेकॅनिक सय्यदभाई. त्यांनी सेन्सर आणि गेज एकाच हातपंपावर बसवून दाब दिला. गेजचा काटा चारवर, सेन्सर तीनवर.

"मौशी, ये तो पास है," ते म्हणाले. "कागदावर एक टक्का फरक लिहिलाय."

"एक टक्का कशाचा?"

"पूर्ण रेंजचा."

"म्हणजे शंभराचा. मग एक बार इकडं नाहीतर तिकडं?"

"बराबर."

"आन् मी चालवते अडीचवर."

मी कागदावरच्या दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. पंच्याऐंशी. ती सेन्सरला सोसणारी गरमी निघाली, अंशात. माझी वाफ दीडशेच्या जवळ. त्यांनी ब्लोअरनं सेन्सर तापवला. काटा चारवरच होता. सेन्सर घसरत घसरत दोनवर आला.

बबननं व्हॉल्व्ह आवळला असता तर काय झालं असतं, हे तेव्हा कळलं.

"गेजखाली वेटोळ्याची नळी होती ना?" त्यांनी विचारलं.

"होती. उगाच लांबलचक म्हणून बबननं काढली."

"तीच तर लागते. वेटोळ्यात पाणी साचून राहतं. सेन्सरला ते गार पाणी टेकतं, गरम वाफ टेकत नाही."

मी सहा बारचा सेन्सर घेतला. बारापर्यंत दाब गेला तरी फुटणार नाही, असं त्याच्या कागदावर होतं. ते मी सय्यदभाईंकडून दोनदा वाचून घेतलं. नळीही परत लावली, आणि जुनं गेज सेन्सरच्या शेजारी बसवलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बांधापलीकडं पाठवून आम्ही दोघांनीच जाळ केला. तीनला भोंगा वाजला. मी बबनला म्हणाले, अजून घाल. साडेतीन. त्याच्या कपाळावर घाम होता, माझ्याही. तीन पॉइंट नऊला व्हॉल्व्ह सुटला. काटा चारला टेकला होता. मग सरूला बोलावलं.

मुंजाजीचे ते चार ड्रम बिघडलेच. त्यानं यंदा दुसऱ्याचा बॉयलर लावला. त्याचंही बरोबर आहे.

परवा औंढ्याकडच्या एका बाईचा फोन आला. नवा बॉयलर घेतलाय म्हणे, सेन्सर केवढा घेऊ?

"तुझा बॉयलर कितीवर चालतो?"

"ते काय मला ठावं न्हाई, अक्का."

"मग आधी ते बघ. दुकानात नंतर जा."