तळहातावरची खिचडी

दुपारचे अडीच वाजलेत. शर्वरी इंगवले सातवी ‘ब’च्या रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर डोकं टेकवून पडली आहे आणि तिच्या गालाखाली तिच्याच अक्षरातलं भाषण आहे. साडेतीनला दहावीचा निरोप समारंभ. नववीच्या मुली वरच्या हॉलमध्ये पताका लावतायत, तिकडं दहावीला जायची बंदी, म्हणून ही इथं येऊन बसली. बसली ती भाषण एकदा नीट वाचून काढायला. पण फेब्रुवारीचं ऊन, बंद पंखा आणि अंगावर आईची जड साडी. डोळा लागायला आणखी काय हवं?

भाषण बाकी फर्मास झालंय. पाचवीपासून एकत्र असलेल्या चाळीस जणांनी आपापली आठवण तिच्याकडं आणून दिली आहे. सहलीची बस घाटात बंद पडली आणि पोळ सरांनी सगळ्यांना ढकलायला लावली, ती आठवण. नाटकात राजाची मिशी प्रधानाच्या हातात आली, ती आठवण. पण एका आठवणीवर मात्र चाळीसच्या चाळीस जण अडून बसले होते. ‘ए शरे, पालीचा किस्सा घेच हं, लोक पोट धरून हसतील.’ तो तिनं घेतलाय. ‘सातवीत एकदा खिचडीत पाल निघाली, अख्खी शाळा सुटली आणि आमची गणिताची चाचणी वाचली.’ पुढं कंसात लिहिलंय: हशा.

तो कंस तिला सकाळपासून टोचतोय. खोडावं असं दोनदा मनात आलं, पण खाडाखोड केली तर कागद घाण दिसेल, असं तिनं स्वतःला समजावलं. लबाड आहे पोरगी. कागदाची काळजी होती म्हणे!

वर कुणीतरी भिंतीत खिळा ठोकतंय. ठक, ठक. तिच्या पापण्या जड होतात. ठोकण्याचा आवाज हळूहळू खाली उतरतो, वर्गाच्या खिडकीशी येतो आणि पातेल्याच्या काठावर कुणी पळी आपटावी तसा वाजायला लागतो.

“शर्वे, ए शर्वे. चव बघायला ये की.”

ती मान वर करते. खिडकीच्या जागी स्वयंपाकाच्या शेडचं दार आहे आणि दारात पदर खोचून द्वारकामावशी उभी आहे. द्वारकामावशीनं या शाळेत अकरा वर्षं खिचडी शिजवली. तीन वर्षांपूर्वी तिला काढलं आणि गेल्या दसऱ्याला ती वारली. शर्वरीला हे सगळं पक्कं ठाऊक आहे. तरी तिला भीती वाटत नाही. फक्त गृहपाठ न करता वर्गात बसल्यासारखं वाटतं.

“मावशी, तू तर...”

“व्हय गं, गेले मी. पर खिचडी निवतीया. ये लौकर.”

शर्वरी बाकावरून उतरते, तर पाय थेट मैदानाच्या तापलेल्या मातीत पडतो. अंगावर साडीच आहे, पण वेण्यांना सातवीतल्या लाल रिबिनी आहेत.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. शाळेतली खिचडी मुलांना वाढायच्या आधी एका मास्तरांनी चाखायची आणि वहीत सही करायची, असा नियम. ते काम होतं पोळ सरांकडं. सरांना तिखट सोसायचं नाही. मग ते वर्गातूनच म्हणायचे, ‘इंगवले, जा, चव बघून ये,’ आणि सही स्वतः ठोकायचे. शर्वरी वर्गाची मॉनिटर. ती धावत शेडमध्ये जायची, मावशी तिच्या डाव्या तळहातावर गरम गोळा ठेवायची, ती फुंकर मारून खायची आणि एखाद्या साहेबिणीच्या थाटात सांगायची, ‘मीठ बरोबर!’ मगच शाळेची ताटं भरायची. सातवीतल्या पोरीला याहून मोठा मान कुठला?

आता मैदानावर मुलं मांडी घालून रांगेनं बसली आहेत. रांगा फाटकाबाहेर गेल्यात, ओढ्याच्या कडेनं वळल्यात आणि पार माळावर जाऊन दिसेनाशा झाल्यात. सगळ्यांच्या पुढ्यात ताटं, आणि सगळी ताटं रिकामी. पहिल्या रांगेत तिचा दहावीचा वर्ग आहे. नव्या साड्या, नवे शर्ट. त्यांच्यातला संग्राम मांडीवर कंपासपेटी घेऊन खाली मान घालून बसलाय.

“वाढ की मावशी, सगळे थांबलेत.”

“तू चव घेतल्याबिगर? न्हाई बाई. नेम हाय.”

शर्वरी डावा हात पुढं करते. मूठ मिटलेली आहे. ती उघडायला जाते, तर बोटं हलत नाहीत. उजव्या हातानं एकेक बोट ओढून बघते. जमत नाही.

“ऱ्हाऊ दे,” मावशी म्हणते. “ये, बस जरा.”

ती बसते ती मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या खुर्चीवर. ते टेबल, तो पंखा, आणि टेबलावर मधोमध खिचडीचं पातेलं. तालुक्याहून आलेले दोन साहेब भिंतीला टेकून उभे आहेत आणि त्यांना चेहरे नाहीत, नुसते चष्मे आहेत. मुख्याध्यापक जगदाळे सर पुढं वाकून विचारतात, “इंगवले, ही बाई म्हणते, वाढण्याआधी तू खिचडी चाखली होतीस. खरं का?”

हा प्रश्न तिला पाठ आहे. तीन वर्षांपूर्वी याच खोलीत तो विचारला गेला होता. त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर गणिताची चाचणी होती आणि संग्रामनं कंपासपेटीतून मेलेली पाल आणली होती. अख्ख्या वर्गाला ती दाखवून झाली होती, शर्वरीलाही. सगळे तोंडावर हात ठेवून हसले होते, तीही. पाल वाढलेल्या ताटात पडली, ओरडा झाला, चार पोरं भीतीनंच ओकली आणि शाळा सुटली. चाखली होती म्हणावं, तर खिचडी तेव्हा चांगली होती हे सांगावं लागणार. मग पाल नंतर कुणी टाकली, हे आलंच. मग वर्गात चहाडखोर म्हणून जन्माचं नाव लागणार. आणि कोपऱ्यात पोळ सर उभे, न चाखताच चाखल्याची सही करून पांढरे पडलेले.

“नाही सर,” शर्वरी म्हणते.

आत्ताही तेच म्हणते! स्वप्नात, जिथं तिला कुणी शिक्षा करणार नाही, जिथं या खोलीत संग्राम नाही की पोळ सर नाहीत, तिथंही तिच्या तोंडून तेच दोन शब्द सुटतात. तिला स्वतःची इतकी लाज वाटते, की त्या खुर्चीतून उठून कुठंतरी तोंड लपवावं. पण खोलीला दारच उरलेलं नाही.

मावशी भिंतीशी उभी आहे. त्या दिवशी होती तशीच, ओले हात पदराला पुसत. त्या दिवशी तिनं शर्वरीकडं बघितलं होतं, खूप वेळ. रागानं नव्हे. काहीतरी ठेवलेलं सापडत नसल्यावर माणूस बघतं तसं. आणि मग म्हणाली होती, ‘मंग आसंल माझीच चूक. पडली आसंल पत्र्यावरनं.’

“मावशी,” शर्वरी हाक मारते.

“हं.”

“तू मला शिव्या का नाही दिल्यास?”

“कशापायी? पोर खोटं बोलंल, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई.”

खोली आता मावशीच्या घराची झाली आहे. शर्वरी या घरात कधी आलेली नाही. गाव एवढंसं, शाळेची वाट देवळाजवळच्या या घरावरूनच जाते, तरी तीन वर्षं ती लांबच्या वाटेनं शाळेत गेली. चुलीवर छोटं पातेलं आहे. मावशी झाकण काढते, आत बघते, झाकण ठेवते. पुन्हा काढते.

“ह्ये आसं झालं बघ माझं,” ती म्हणते. “लग्नाला, बारशाला लोक बोलवायचे. हाताला चव हाय म्हणायचे. नंतर न्हाई बोलावलं. पालवाली म्हणायचे, त्याचं काय न्हाई, म्हणू देत. पर माझाच माझ्यावर भरवसा ऱ्हायला न्हाई. रोज डोक्यात त्येच. शर्वीच्या हातावर मी घातली का न्हाई घातली? वाटायचं, घातली. मंग वाटायचं, म्हातारी झाले, इसरले आसंन. दोन मान्सांचा भात टाकायचा तरी चारदा झाकान उघडायची.”

शर्वरीच्या डोळ्यांत पाणी येतं. मावशीची नोकरी गेली, एवढंच तिला माहीत होतं. तेवढ्याचीच लाज ती तीन वर्षं दडवून होती. मावशीचा स्वतःवरचा विश्वासच आपण काढून घेतला, हे आज कळतंय, आणि आज मावशी नाही.

“येकच सांग,” मावशी जवळ येते. तिच्या अंगाला फोडणीचा वास आहे. “घातली हुती का मी?”

“घातली होती, मावशी.”

“आन चव?”

“चांगली होती.”

“मीठ?”

“बरोबर होतं. सगळं बरोबर होतं. मी खोटं बोलले.”

मावशी डोळे मिटते. खांदे खाली येतात. डोक्यावरची पाण्यानं भरलेली घागर कुणी उतरवून घ्यावी, तशी ती सैल होते.

“म्हंजे मी इसरले न्हवते,” ती स्वतःशीच म्हणते.

“मावशी, मला माफ—”

“मला सांगून काय हुतंय आता? मी तर गेले.” ती बाहेर बोट दाखवते. तिथं पुन्हा मैदान आहे, ऊन आहे, माळापर्यंत गेलेल्या रांगा आहेत. “त्यास्नी सांग. कवाधरनं उपाशी बसल्यात.”

शर्वरीची मूठ उघडते. आपोआप, एकेक बोट करून. मावशी पळीनं गोळा उचलते आणि तिच्या डाव्या तळहातावर ठेवते. चटका बसतो.

“मोठ्यानं सांग हं,” मावशी म्हणते.

शर्वरी रांगांकडं वळते, श्वास घेते आणि तोंड उघडते. कानठळ्या बसवणारी एक शीळ मैदानभर घुमते.

वर हॉलमध्ये कुणीतरी माईक चालू केलाय. “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग.” शर्वरी ताठ उठून बसते. सातवी ‘ब’. खिडकी जागेवर आहे. खिडकीतून स्वयंपाकाची शेड दिसते, तिला सकाळपासून कुलूप आहे, कारण समारंभामुळं खालच्या वर्गांना आज सुट्टी.

तिचा डावा तळहात हुळहुळतोय. ती बघते. मधोमध लालसर झालंय, आणि हाताच्या रेघारेघांत हळद भरली आहे. भाषणाच्या कागदावर हात पडला होता, तिथं पिवळा डाग उमटलाय. कंस आणि कंसातलं ‘हशा’ त्याखाली बुडालेत. कडेला भाताचं एक शीत चिकटलंय, अजून ओलं.

दारात अस्मिता येते. पाचवीपासून शेजारी बसणारी, साडीच्या निऱ्या मुठीत धरून धापा टाकणारी. “शरे, झोपलीस का काय? चल, सगळे बसलेत. पहिलं भाषण तुझंच आहे.” मग तिचं लक्ष हाताकडं जातं. “ई, हे काय लागलंय? नळावर धू पटकन.”

“नको.”

“अगं पण साडीला लागेल.”

शर्वरी उठते. कागद बाकावरच ठेवते.

“अस्मे, मी चाखली होती.”

“काय?”

“खिचडी. सातवीत, त्या दिवशी. मावशीनं माझ्या हातावर घातली होती. चांगली झाली होती.”

अस्मिताच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरतं. ती त्या दिवशीही शेजारीच होती. तिनंही कंपासपेटीत डोकावून बघितलं होतं. आता ती शर्वरीच्या हाताकडं बघत नाही, खाली फरशीकडं बघते.

“आज कशाला गं ते?” ती हळूच म्हणते. “आज शेवटचा दिवस आहे.”

“म्हणूनच,” शर्वरी म्हणते, आणि डावा हात साडीला लागू नये म्हणून पुढं धरून जिना चढायला लागते.